खंडेनवमीच्या पाटावरची बंदूक

पत्र

ताई, नमस्कार.

मी डोंबिवलीत राहतो, वय ४१, खासगी नोकरी. आमचं गाव कुडाळ तालुक्यात. बाबा ७३ वर्षांचे, गावी एकटेच असतात. आई गेल्या वर्षी चैत्रात गेली. घरात आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. लहानपणापासून ती माजघराच्या दाराआड टेकवलेली बघत आलो, त्यामुळे कधी काही वाटलं नाही. या मे महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने ती उचलून अंगणात आणली आणि बहिणीवर रोखून 'ठो' केलं. बायको किंचाळली. त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, ही बला पोलिसांत जमा करून टाका. परवान्याची मुदत डिसेंबरात संपतेय, आता पुढे वाढवूच नका. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "सरकारान दिल्यान माका. तू कोण रे मागणारो?"

तेव्हापासून चार महिने माझ्याशी धड बोलत नाहीत. फोन केला की "नातवाक दी" म्हणतात. न्यू जर्सीतली माझी बहीण सांगते, इथे रोज कुठे ना कुठे गोळीबाराची बातमी असते, बंदूक घरात नकोच, तू ठाम राहा. शेतीही आता पूर्वीसारखी नाही. दोन कुणगे भात आणि थोडी नाचणी. एवढं काय आहे त्या लोखंडात? आणि त्यांना ती सोडायला लावू कशी?

— एक मुलगा

उत्तर

तुमचं पत्र वाचताना मी त्या 'ठो'पाशीच थांबले. बंदूक त्या दिवशी भरलेली होती की रिकामी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, तुम्हालाही ते माहीत नाही. ठासणीच्या बंदुकीत दारूगोळा नळीच्या तोंडाकडून ठासतात, त्यामुळे ती मोडून आत बघता येत नाही. ती बघायची रीत वेगळी. घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, नाही याची आधी खात्री करायची, नळीचं तोंड स्वतःपासून लांब ठेवायचं आणि गज, म्हणजे ठासायची लांब सळई, नळीत सोडायचा. रिकाम्या नळीत तो तळाला ठण्ण वाजतो आणि त्याचं टोक नळीच्या तोंडाशी येतं. आत बार असेल तर आवाज बसका येतो आणि गज चार बोटं वर राहतो. मी अकरा-बारा वर्षांची असताना मामांनी मला हे दाखवलं होतं. बंदुकीला हात लावायची मुभा नव्हती, पण तो आवाज ओळखता आलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

तुमच्या बायकोची भीती खरी आहे आणि बरोबरही आहे. पुढे मी बरंच काही बाबांच्या बाजूने लिहिणार आहे, म्हणून हे आधी सांगून टाकते. ज्या घरात मुलं येतात-जातात, तिथे बंदूक दाराआड टेकवून ठेवायची नसते. बाबांचं इथे चुकलं आणि ते त्यांना सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण तुम्ही ते सांगितलंत का? 'बाबा, बंदूक अशी ठेवू नका' असं म्हणाला असतात, तर ते खजील झाले असते. तुम्ही म्हणालात, बंदूक देऊन टाका. म्हणून ते जेवले नाहीत.

काय आहे त्या लोखंडात, असं तुम्ही विचारलंत. मामांच्या मळ्यातली एक रात्र सांगते.

अश्विनातली गोष्ट. भात पिवळं पडू लागलेलं, कापणीला आठ-दहा दिवस असतील. डुकरांचा कळप सलग दोन रात्री शेजारच्या मळ्यात उतरला होता. मामा घोंगडं घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर निघाले, तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले. मांगरात कंदिलाच्या उजेडात त्यांनी बार भरला. बांबूच्या पेराच्या मापटीने दारू मोजून नळीत ओतली, वर काथ्याची बोंडी, गजाने तीनदा ठासणी, मग छर्रे, परत काथ्या, परत ठासणी. केप मात्र लावली नाही. ती खिशातल्या डबीत. माळ्यावर चढून नीट बसल्यावरच केप लावायची, हा नियम. मध्यरात्री कधीतरी खालच्या अंगाला चपचप आवाज सुरू झाला. मामांनी आकाशाकडे नळी धरून चाप ओढला. अख्खा मळा उजळला, मग धूर, मग तो गंधकाचा वास, आणि चिखलातून पळणाऱ्या खुरांचा आवाज. पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकली. लांबच्या माळ्यावरून कोणीतरी "हूऽऽ" केलं, मामांनीही "हूऽऽ" केलं. बस्स. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका मामीला म्हणाल्या, "रात्री तुमच्यांनी बार काढल्यानी ना? आमका बरी झोप लागली."

बार कोणाचा, हे आवाजावरून ओळखायची ती वाडी. कोकणात आपण राखणदाराला गाऱ्हाणं घालतो, की बाबा रे, गुरावासरांची, शेताभाताची, लेकराबाळांची राखण कर. गावातल्या काही हातांकडे त्याच राखणीतला थोडा वाटा असायचा. तुमच्या बाबांकडे होता. आजोबांनंतर तो त्यांच्याकडे आला आणि पन्नासेक वर्षं त्यांनी तो सांभाळला असेल. आता गुरं गेली, निम्मे कुणगे पडीक राहिले, मुलं मुंबईला आणि अमेरिकेला गेली, आणि चैत्रात तुमची आईही गेली. ज्याची राखण करायची, तेच एकेक करून गेलं. अशा वेळी मुलगा येऊन म्हणाला, की तेवढी बंदूकही द्या.

आता त्यांच्या त्या वाक्याकडे या. "सरकारान दिल्यान माका." यात तुम्हाला हेका ऐकू आला. मला त्यात अभिमान ऐकू येतो. गावातल्या शेतकऱ्याच्या ट्रंकेतले सरकारी कागद आठवून बघा. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाची नोटीस. सगळे काही ना काही मागणारे किंवा मोजणारे. परवान्याचं पुस्तक तसं नाही. पोलीस गावात येऊन चौकशी करून गेले, चार माणसांना विचारलं, आणि जिल्हादंडाधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याने लिहून दिलं, की या माणसाच्या हाती शस्त्र द्यायला हरकत नाही. सरकार विश्वास ठेवतं, असं लिहिलेला कागद सामान्य माणसाला आयुष्यात क्वचित मिळतो.

या विश्वासाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. बाबांना तो तारखांसकट माहीत नसेल, पण त्यांच्या आजोबांच्या पिढीने तो अंगावर झेलला. १८५७ नंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला आणि १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात, शस्त्र कायदा आणला. परवान्याशिवाय हिंदी माणसाला शस्त्र बाळगता येणार नाही. युरोपीय माणसाला मात्र परवान्याची गरज नाही. एकाच गावात चहामळ्याचा गोरा मालक बंदूक खांद्याला लावून फिरणार आणि ज्याच्या शेतात डुक्कर शिरलंय त्याने कचेरीत हात जोडून उभं राहायचं. लोकांना टोचली ती ही गोष्ट. शस्त्र गेलं याच्याइतकंच, 'तुझ्यावर भरवसा नाही' हे कायद्यात लिहिलं गेलं याचं दुःख होतं. म्हणूनच राष्ट्रीय सभेने, म्हणजे काँग्रेसने, १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात बदल मागितला. गांधीजींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही १९१८ मध्ये, सबंध राष्ट्राचं शस्त्र काढून घेणं हे इंग्रजी राजवटीचं सर्वांत काळं कृत्य म्हटलं होतं. आणि १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

तुमच्या बहिणीच्या देशातही गोष्ट फार निराळी नाही. तिथे १७९१ पासून हा हक्क राज्यघटनेत आहे, दुसऱ्या दुरुस्तीत. आपण बातम्या बघतो आणि म्हणतो, ही माणसं वेडी आहेत का? मीही तसंच म्हणायचे. पण तिथली यादवी संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने जे कायदे केले, त्यांत नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसाने परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही, असा एक होता. रात्री दारावर मशाली घेऊन येणारे गोरे मात्र सशस्त्र. १९६४ मध्ये लुईझियानात काळ्या माणसांनी, त्यांतले कित्येक माजी सैनिक, नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांचं रक्षण करायला बंदुका घेऊन पहारे बसवले, कारण पोलीस येणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजही तिथल्या बंदूकमालकांना विचारलं तर बहुसंख्य लोक स्वसंरक्षण हेच मुख्य कारण सांगतात, शिकार त्याच्या खूप मागे. ज्याच्या घरापासून पोलीस ठाणं तासाभरावर आहे, त्याला 'पोलिसांना फोन कर' हा सल्ला पोकळ वाटतो. तुमच्या बाबांच्या वाडीपासून ठाणं किती लांब आहे?

आणि इतकं लांब जायलाही नको. आपल्याच सह्याद्रीच्या खालच्या अंगाला कोडगू आहे. कोडवा लोकांना आणि तिथल्या जम्मा, म्हणजे पिढीजात, जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून शस्त्र परवान्यातून सूट आहे, आणि केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवून दिली आहे. लावणी संपली की कैलपोढ सणाला ते बंदूक फुलांनी सजवून पूजतात. घरात मुलगा जन्मला की एक बार, माणूस गेलं की दोन बार. लष्करप्रमुख झालेले जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या याच मातीतले. आपल्याकडच्या खंडेनवमीची आठवण होते की नाही? तुमच्या घरी पाटावर कोयती, पारय, नांगराचा फाळ यांच्या शेजारी बंदूक मांडली जात असणार. हळद-कुंकू वाहताना तुमच्या आईने तिला बला म्हटलं नसेल.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई ज्याला त्याला बंदूक द्या म्हणते की काय. नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली होती. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. आंबेडकर, मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, सैनिकाच्या घरात वाढलेले. प्रत्येकाने बाजारात जाऊन हवं ते शस्त्र विकत घेतलं, तर राज्य चालायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती पडली. ते बरोबर होते, असंच माझं मत आहे. ज्या समाजात वाड्यांच्या सीमा जातीने आखलेल्या आहेत, तिथे बेलगाम शस्त्रं कोणाच्या हाती आधी गेली असती आणि कोणावर रोखली गेली असती, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणून आपल्याकडे बंदूक हा परवाना आहे, मूलभूत हक्क नाही.

पण त्याच देशाने पुढे १९५९ चा शस्त्र कायदा केला, तेव्हा शेतकऱ्याची आठवण ठेवली. परवाना देण्याच्या तेराव्या कलमात, पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. तुमच्या माजघराच्या दाराआड जी उभी आहे, तिचं नाव दिल्लीत झालेल्या कायद्यात आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. बडेजावासाठी पिस्तूल कमरेला लावून फिरणारे पुढारी, वरातीत हवेत गोळ्या उडवणारे उत्साही, यांच्या आणि तुमच्या बाबांच्या बंदुकीला एकाच मापाने मोजू नका. आमच्या भागात निवडणूक लागली की म्हातारे शेतकरी खांद्याला फडक्यात गुंडाळलेली बंदूक लावून ठाण्यावर जमा करायला निघतात. ऐन पिकाच्या दिवसांत निवडणूक आली तर शेत उघडं पडतं. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे प्रकरण गेलं होतं आणि २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेऊ नका, छाननी समितीने एकेकाचं बघून ठरवावं. मला त्या निकालात म्हाताऱ्या शेतकऱ्याचा मान दिसतो. गुन्हेगार आणि राखण करणारा यांत फरक करा, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

दोन कुणग्यांसाठी कशाला बंदूक, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. शेती कमी झाली की डुकरं कमी होत नाहीत, उलट होतं. पडीक कुणग्यांत रान माजतं आणि ते घरापर्यंत येतं. आजूबाजूला सगळं ओसाड असताना जो एकटा भात लावतो, सगळा कळप त्याच्याच शेतात उतरतो. गवे तर आता भर दिवसा रस्त्यावर दिसतात. दोडामार्गात २००२ पासून हत्ती येतात, त्यांच्यापुढे ठासणीच्या बंदुकीचं काही चालत नाही, ती गोष्ट वेगळी. पण नाचणीत घुसलेल्या डुकरांना पळवायला एक बार पुरतो. पळवायला, असं मी म्हणते आहे. मारायला वनखात्याची परवानगी लागते, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. बाबा कधी कोणाबरोबर रात्री रानात जात असतील, तर ते मात्र लगेच थांबवायला सांगा. अंधारात झुडूप हललं म्हणून सोबत्यालाच गोळी घातल्याच्या घटना आपल्या जिल्ह्याने पाहिल्या आहेत.

आता तुमच्या पत्रात नसलेल्या एका गोष्टीविषयी. तुमच्या बहिणीचं म्हणणं मी खोडून काढलं नाही, कारण तिच्या भीतीच्या पोटात एक खरी गोष्ट आहे, जी बातम्यांत येत नाही. अमेरिकेत दरवर्षी बंदुकीने जी माणसं जातात, त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. शाळेतले गोळीबार टीव्हीवर दिसतात. घरात, एकट्याने, रात्री घडलेलं दिसत नाही. आणि त्यांत वयस्क, एकटे पुरुष फार असतात. तुमचे बाबा ७३ वर्षांचे आहेत, दीड वर्षापूर्वी जोडीदार गेला, मुलाशी अबोला आहे. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. कदाचित ते शेजाऱ्यांकडे गजाल मारत बसले असतील, भजनाला जात असतील, आणि रुसवा फक्त तुमच्याशी असेल. पण हे तुम्हाला माहीत असायला हवं आणि ते फोनवरून कळणार नाही. जेवतात का, झोपतात का, दाढी करतात का, आवडीच्या वस्तू वाटून टाकताहेत का, 'आता माझा काय' असं वरचेवर म्हणतात का, हे जाऊन बघा. शंका आली तर सरळ विचारा: "बाबा, जीव नकोसा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवा, तिथे मराठीत बोलता येतं. आणि उत्तर 'हो'च्या जवळ जाणारं आलं, तर बंदूक काही महिने परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा ठाण्यात सुरक्षित ठेवायला द्यायची, बाबांना बरोबर घेऊन, पावती घेऊन, परत आणायची हे ठरवून. अशी ठेव म्हणजे परवाना सोडणं नव्हे. त्या एका परिस्थितीत मी तुमच्या बाजूने उभी राहीन आणि बाबांची नाराजीही पत्करीन.

तसं काही नसेल, तर बंदूक सोडायला लावू नका, परवाना वाढवून घ्यायला मदत करा. तुमचं आणि त्यांचं पुन्हा जुळायची हीच वाट मला दिसते. डिसेंबरात मुदत संपते, म्हणजे दोन महिने आधी अर्ज गेलेला बरा. जिल्हाधिकारी कार्यालयात चकरा मारणं त्यांच्याने आता होत नसेल, ते तुम्ही रजा काढून करा. डॉक्टरचा दाखला मागतात. त्या निमित्ताने त्यांचे डोळे आणि हाताचा कंप नीट तपासून घ्या आणि डॉक्टर जे सांगतील ते दोघांनीही मान्य करायचं असं आधीच ठरवा. नजर अधू असेल, तर 'डॉक्टर नको म्हणतात' हे 'मुलगा नको म्हणतो' यापेक्षा त्यांना सोसवेल. परवान्याच्या पुस्तकावर नवा युनिक क्रमांक चढलेला आहे की नाही, तेही बघा. जुन्या परवान्यांत तो राहून गेला, म्हणून पुष्कळ म्हाताऱ्यांना हेलपाटे पडले. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आहे, म्हणजे एकदा केलं की काही काळ निवांत.

ठेवायची जागा मात्र बदलायचीच, यात तडजोड नको. लोखंडी पेटी करून घ्या, भिंतीला बोल्टने पक्की केलेली. बंदूक रिकामी, पेटीत, कुलूप लावून. दारू आणि केपा दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या खोलीत, चुलीपासून लांब. किल्ल्या बाबांच्या करगोट्याला, तुमच्याकडे नकोत. हा शेवटचा मुद्दा तुमच्या बायकोला पटणार नाही कदाचित, पण किल्ली काढून घेतली तर बंदूक काढून घेतल्यासारखंच आहे. मुलं गावी असतील तेवढे दिवस पेटी उघडायची नाही, हे त्यांच्याकडून शब्दाने घ्या. तुमचे बाबा शब्द पाळतील, असं त्या एका वाक्यावरून मला वाटतं.

अजून एक. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की तो हयात असतानाच वारसाच्या नावे ते करायला अर्ज देता येतो. बाबांना दोन्ही लागू पडतं. 'नातवाक दी' हा नुसता फोनचा निरोप नसेलही. पण एकवीस वर्षांखाली परवाना मिळत नाही, त्यामुळे नातवाला अजून बारा वर्षं आहेत. मधल्या काळात ती कोणी सांभाळायची? तुम्ही शेतीत लक्ष घालायला तयार आहात का? सातबाऱ्यावर नाव असून भागत नाही, पिकासाठी परवाना हवा तर पीक हवं. तयार नसाल तर तसं स्पष्ट सांगा. बाबा मग कदाचित स्वतःच म्हणतील, की माझ्यामागे ही जमा करा. ते त्यांच्या तोंडून येऊ दे, आणि त्यांनी कागदावर लिहून ठेवू दे. आजोबांनी त्यांच्या हातात दिली, ती कोणाच्या हातात जाणार किंवा कुठे थांबणार, हे ठरवायचा मान त्यांचा आहे.

पहिलं वाक्य काय बोलायचं, ते विचाराल. माफी मागा, पण बंदुकीबद्दल नको. "मी तिला बला म्हटलं, ते चुकलं माझं" एवढंच. मग मुलाच्या हातात ती बघून तुमचं काय झालं, ते सांगा. तेही त्यांनी ऐकायला हवं. त्या दिवशी तुम्ही आधी रागावलात, त्यामुळे तुम्ही घाबरलात हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

खंडेनवमी जवळ आली आहे. फोन करू नका, जा. बायकोला आणि दोन्ही मुलांना घेऊन जा. पूजेआधी बाबा बंदूक पुसायला काढतील, खोबरेल तेलाचा हात फिरवतील. दारू आणि केपा तेव्हा त्या खोलीत नकोत, एवढं आधी बघा. मग मुलाला दोन हात लांब बसवा, हात मांडीवर ठेवायला सांगा आणि बाबांना म्हणा, गज कसा वाजतो ते आम्हाला दाखवा. आधी त्यांना सोडू दे. मग तुम्ही सोडा.

— ताई